बांधावरचे धोंडे



अहमदपूरजवळ आमचं थोडं शेत आहे. या उन्हाळ्यात सपाटीकरणासाठी जेसीबी बोलावला होता. बांधाच्या कोपऱ्यात चार काळे धोंडे आहेत. तेही काढू, सोयाबीनची दोन तासं वाढतील, असं माझा मुलगा म्हणाला. सासूबाई शेताच्या व्यवहारात कधी बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र म्हणाल्या, "तिथं हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी डाळ निवडता निवडता त्यांनी सांगितलं. त्यांची पहिली मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली. एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत, पुरतात. कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून सासऱ्यांनी वर धोंडे ठेवले. लग्नाला तीस वर्षं झाली माझ्या, पण मला हे माहीत नव्हतं.

मला नागपूरजवळचं जुनापाणी आठवलं. नणंदेकडे गेलो असताना काटोल रस्त्यावरून आम्ही तिकडे गेलो होतो. माळावर मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळं आहेत, सुमारे तीनशे. ही लोहयुगातली, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची दफनं. काही धोंड्यांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने काही वर्तुळं उकरली आणि १८७९ मध्ये त्यावर लिहिलं. पुढे जवळच्या माहुरझरीला नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. माणसांसोबत काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, मणी निघाले. तांब्याचा साज घातलेले घोडेही पुरलेले सापडले.

पण मला जास्त लागलं ते इनामगाव. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ खोदकाम केलं. ही वस्ती तर जुनापाणीच्याही आधीची, शेती करणाऱ्यांची. मेलेलं मूल ते दोन रांजणांत ठेवत, रांजणांची तोंडं एकमेकांना जोडत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. सापडलेल्या दफनांत लहान मुलांचीच जास्त आहेत. वरती चूल पेटत असणार, दळण चालत असणार, आणि खाली ते रांजण. तिथल्या आईने कुठे बसून डोळे पुसले असतील?

आपला धर्म सांगतो, देह सुटला की जीव चार समयांच्या आत पुढच्या गतीला लागतो. मागे उरतो तो पुद्गल. म्हणून आपण श्राद्ध घालत नाही, पिंड ठेवत नाही. मी सासूबाईंना हे म्हणाले. त्या म्हणाल्या, "ती तिथं नाही, हे मला ठाऊक आहे गं. तिथं तुझ्या सासऱ्यांचे हात आहेत." यावर मी काही बोलले नाही.

मैत्रिणींनो, तुमच्याही शेतात कुठे धोंड्यांचं वर्तुळ असेल, नांगराला काळी-तांबडी खापरं, जुनं लोखंड लागत असेल, तर उकरू नका, हलवू नका. फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला किंवा तहसीलला कळवा. जमीन जाईल या धास्तीने लोक रातोरात धोंडे उचलून टाकतात. पण १९५८ च्या केंद्रीय कायद्यात एखादी जागा संरक्षित करण्याआधी दोन महिन्यांची सूचना द्यावी लागते, त्यात आपल्याला हरकत घेता येते. धोंडा एकदा जागचा हलला की खाली कोण होतं, कसं ठेवलं होतं, हे वाचायला काही राहत नाही.

आमच्या बांधावरचे धोंडे काही इतिहासात जाणारे नाहीत. मुलाने जेसीबीवाल्याला तो कोपरा सोडून वळायला सांगितलं. यंदा तिथे दोन तासं कमी पेरली. संध्याकाळी सासूबाईंनी त्याला हाक मारून जवळ बसवलं आणि स्वतःच्या हाताने ताट वाढलं, दिवस मावळायच्या आत.