हिरकणीची कुळकथा

धुळ्याच्या देवपुरातल्या एका दातांच्या दवाखान्यात आ वासून खुर्चीत पडलो होतो. डॉक्टरीणबाईंनी यंत्राला लावायची दांडी समोर धरली. खिळ्याहून बारीक, टोकाला खरखरीत. "काका, हिच्यावर हिऱ्याची भुकटी बसवलेली असते," त्या म्हणाल्या आणि यंत्र सुरू झालं. दाढेत आवाज घुमत असताना मला आजी आठवली. तिचं ठाम मत होतं की हिरकणी पोटात गेली की माणूस गेलाच.

हिरकणी म्हटलं की आपल्याला आधी रायगडचा कडा उतरलेली गवळण आठवते. शब्द मात्र घरगुती आहे. तांदूळ सडताना कणी पडते, तशी हिरा फोडताना पडते ती हिरकणी. शब्दांची कुळं धुंडाळणारे इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली धुळ्यातच वारले. त्यांच्या गावात बसून या कणीचं कूळ शोधायला हरकत नसावी.

हे कूळ विषापासून सुरू होतं. जुन्या कथा-नाटकांत मानी माणसं अंगठीतली हिरकणी गिळून जीव देत. ही समजूत काही आपलीच नव्हे. सोळाव्या शतकातला इटालियन सोनार आणि शिल्पकार बेन्व्हेनुतो चेल्लिनी आत्मचरित्रात सांगतो, की तुरुंगात त्याच्या जेवणात हिऱ्याची पूड घालायचं ठरलं होतं. ज्याला हिरा कुटायला दिला, त्याने तो खिशात घातला आणि दुसराच स्वस्त खडा कुटून दिला. चेल्लिनीच्या मते तो वाचला तो त्या लबाडीमुळे. दुसरीकडे आपल्या रसशास्त्राने हाच हिरा कुळथाच्या काढ्यात शुद्ध करून त्याचं भस्म औषधात घेतलं. एकाच खड्याला एका घरात विष म्हणत, दुसऱ्या घरात रसायन.

खरं तर हिरा म्हणजे निव्वळ कार्बन. पोटातल्या आम्लाने तो विरघळत नाही, कशाशी चटकन संयोग पावत नाही. भीती असलीच तर धारेची. मग कणी इतकी बारीक केली, की धार हा शब्दच तिला लागू पडू नये, तर?

बारीक म्हणजे किती, ते आमच्या नदीवरून सांगतो. पांझरा नदीच्या अलीकडे आमचं देवपूर, पलीकडे जुनं धुळं. पांझरेचं पाणी तापीला मिळून सुरतेला जातं आणि तिथे जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात. तिथल्या फिरत्या तबकडीवर तेलात कालवलेली हिऱ्याची भुकटी लागते, कारण हिऱ्याला हिराच घासतो. पण आपल्या गोष्टीतल्या कणीपुढे ती भुकटी म्हणजे दगडगोटे. ही कणी बारीकात बारीक साधारण पाच नॅनोमीटरची. केसाच्या जाडीत अशा दहा हजारांहून जास्त कण्या ओळीने मावतील.

ती प्रथम सापडली बाँबच्या काजळीत. 1963 साली सोव्हिएत संघातल्या एका गुप्त अण्वस्त्र संस्थेत वोल्कोव्ह, दानिलेंको आणि येलिन हे स्फोटाच्या दाबाने ग्रॅफाइटचा हिरा करू पाहत होते. लक्षात असं आलं, की ग्रॅफाइट नसलं तरी चालतं. बंद टाकीत टीएनटी आणि आरडीएक्सचं मिश्रण उडवलं की स्फोटकातल्याच कार्बनचे हिरे होतात आणि काजळीत मिसळून भिंतीला बसतात. शोध कुलपात राहिला. 1988 साली अमेरिकन आणि सोव्हिएत शास्त्रज्ञांचे लेख निघाले, तेव्हा तो जगाला कळला.

या कणीची दुसरी शाखा उजेडाची, आणि तिची एक पूर्वज आपल्या ओळखीची आहे. पुण्याच्या वेधशाळेत हवामानाची उपकरणं घडवणाऱ्या अ‍ॅना मणी त्याआधी बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत तीसहून अधिक हिऱ्यांच्या चकाकण्याचा अभ्यास करत होत्या. एकेका फोटोपट्टीसाठी पंधरा-वीस तास थांबावं लागे. एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली नाही.

हिऱ्यात कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू बसला आणि शेजारची जागा रिकामी राहिली, की ती जोडी हिरवा प्रकाश पिऊन तांबडा परत देते. तैवानच्या हुआन-चेंग चांग यांच्या गटाने 2005 मध्ये बारीक हिऱ्यांवर प्रोटॉनचा मारा करून, 800 अंशांवर तापवून अशा जोड्या मुद्दाम तयार केल्या. पेशीत घालायचे नेहमीचे रंग प्रकाशात विटतात. हा विटत नाही, आणि पेशीही मरत नाही. 2010 मध्ये याच गटाने मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक कृमींना ही कणी चारली. नुसती कणी आतड्याच्या पोकळीत राहिली, साखरेचा किंवा प्रथिनाचा लेप दिलेली आतड्याच्या पेशींत शिरली. कृमी जगले, त्यांना पिल्लंही झाली. आजीचा सिद्धांत निदान तिथे हरला. 2013 मध्ये हार्वर्डच्या गटाने जिवंत मानवी पेशीच्या आत अशा कणीचा तापमापक केला.

औषधाचं ओझं वाहणं हे तिसरं काम. कॅन्सरच्या काही पेशी औषध आत येताच पंपासारखं बाहेर फेकतात. संशोधक डीन हो यांच्या गटाने डॉक्सोरुबिसिन हे औषध कणीच्या पृष्ठभागावर चिकटवलं. 2011 च्या उंदरांवरच्या प्रयोगांत ते गाठीत जास्त काळ टिकलं. त्याच गटाने 2017 मध्ये रूट कॅनालमध्ये भरायच्या गटापर्चात नॅनोहिरे मिसळून ते तीन रुग्णांच्या दातांत भरले. तिघांचे दात नीट भरून आले.

आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत कस्तुरी साहा यांचा गट हिऱ्यातल्या याच नायट्रोजन-जोडीवर चालणारी सूक्ष्मदर्शकं घडवतो आहे. ते मोजमापाचं काम आहे, उपचाराचं नाही.

माझ्या दाढेत गेलं ते साधंच गटापर्चा. कणीने विषाचं नाव पुसलं, पण औषधाचं अजून कमावलेलं नाही. तोवर कोणी नॅनो-हिऱ्याची पुडी पुढे केली, तर एवढंच विचारा: किती माणसांवर तपासलं? रूट कॅनालच्या त्या चाचणीत उत्तर तीन होतं.