कारधा ग्रामपंचायत: सदस्य, समित्या आणि आपली जागा

कारधा हे वैनगंगेच्या काठावरचं गाव, नदीपलीकडे भंडारा शहर. इथल्या जुन्या लहान पुलाजवळ नदीची पातळी मोजली जाते, २४५.५० मीटर ही धोक्याची खूण. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सोडलं गेलं आणि भंडारा जिल्ह्याने मोठा पूर पाहिला. पूर ओसरला की पंचनामे सुरू होतात. कोणाची भिंत पडली, कोणाचं धान्य भिजलं, यादीत कोणाचं नाव सुटलं, हे बघायला गावात बसणारा माणूस लागतो. आपल्यातले पुष्कळजण मात्र पंचायतीच्या कार्यालयात दाखल्यापुरतेच जातात. म्हणून ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

सुरुवात ग्रामसभेपासून. मतदार यादीत नाव असलं की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य आहातच, वेगळा अर्ज नाही. वर्षात किमान चार सभा घ्याव्या लागतात. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, जे कमी असेल ते. म्हणजे मोहल्ल्यातली वीस माणसं गेली तरी सभेत ती उठून दिसतात! घरकुलासारख्या योजनांचे लाभार्थी इथेच निवडले जातात. गणपूर्ती नसली की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. खरे निर्णय पुष्कळदा त्या रिकाम्या सभेतच होऊन जातात. महिलांची ग्रामसभा आधी वेगळी होते, आपल्या बहिणींनी तिथे जरूर जावं.

निवडणूक लढवायची नसेल तर समित्या आहेत. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या जागा महिलांच्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत, मराठी असो की उर्दू, शाळा व्यवस्थापन समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. २००७ मध्ये सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेची समितीही आहे. बांधाचा, नालीचा, नवराबायकोचा वाद पोलीस ठाण्यात जाण्याआधी तिथे मिटू शकतो. या कामाला पगार नाही. वेळ द्यावा लागतो आणि शेजाऱ्याचं बोलणंही ऐकून घ्यावं लागतं.

सदस्य व्हायचं असेल तर नियम नीट वाचा. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचे सदस्य ७ ते १७ असतात. उमेदवाराचं वय २१ पूर्ण हवं आणि गावच्या यादीत नाव हवं. १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतर जन्म असेल तर सातवी पास हवी. घरी शौचालय हवं, पंचायतीच्या कराची थकबाकी नको. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या जन्मामुळे अपत्यांची संख्या दोनच्या वर गेली असेल तर अर्ज टिकत नाही. हा नियम सगळ्या समाजांना सारखाच आहे, पण आपल्याकडे ऐन छाननीच्या दिवशी तो आठवतो. सरकारी जागेवर अतिक्रमण असलं तरी अपात्रता येते. घर सासऱ्याने बांधलं, मी नाही, असं सांगून भागत नाही. कुटुंबाच्या अतिक्रमणात राहणाराही अपात्र, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं आहे. नदीकाठच्या घरांनी हे आधीच तपासावं.

मोमीन, पिंजारी, तांबोळी, बागवान अशा ओबीसी यादीतल्या जमातींना राखीव जागेवरही उभं राहता येतं. जात प्रमाणपत्र आणि वैधतेचं काम निवडणूक लागण्याआधी हाती घ्या, नंतर धावपळ होते.

निम्म्या जागा महिलांच्या आहेत. बायकोचं नाव, नवऱ्याची खुर्ची हा प्रकार सगळीकडे दिसतो, आम्हाला तो पटत नाही. मासिक सभेत बसायचं तिने, सहीही तिने वाचूनच करायची. परवानगीशिवाय सलग सहा महिने सभेला न गेल्यास पद जातं, तेही तिचंच.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या नेहमीच्या तारखा. सभेची नोटीस लागली की जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीत सांगता येईल. सभेत समितीची निवड निघाली की उभं राहून आपलं नाव सुचवा, आणि ते इतिवृत्तात लिहिलं गेलं की नाही हे घरी निघण्याआधी बघा.