तुकाराम ओंबळे : एका पकडीचे मोल

मुंबई पोलीस दलातील सहायक फौजदार तुकाराम गोपाळ ओंबळे यांना २००८ मधील २६ आणि २७ नोव्हेंबरच्या मधल्या रात्री गिरगाव चौपाटीवर वीरमरण आले. मुंबईवर चालून आलेल्या दहा हल्लेखोरांपैकी अजमल कसाब हा एकटाच जिवंत हाती लागला, तो ओंबळे यांच्यामुळे. दरवर्षी नोव्हेंबर उजाडला की शहरातील चौकाचौकांत त्यांच्या छायाचित्राला हार घातला जातो. त्यांच्या धैर्याविषयी भरभरून बोललेही जाते. परंतु त्या काही क्षणांच्या झटापटीतून पुढे नेमके काय साधले, याची माहिती अनेकांना त्रोटकच असते.

ओंबळे मूळचे सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यातील केडंबे गावचे. सातारा जिल्ह्यातील तरुणांनी सैन्यात जावे, ही या भागाची जुनी रीत. ओंबळेही लष्कराच्या सिग्नल विभागात दाखल झाले आणि तेथून निवृत्त झाल्यावर १९९१ मध्ये मुंबई पोलीस दलात शिपाई म्हणून रुजू झाले. शिपाई, नाईक, हवालदार आणि मग सहायक फौजदार अशी त्या काळी खालून वर जाणाऱ्या पोलिसाची चढण होती. सहायक फौजदार म्हणजे अंमलदारांच्या श्रेणीतील शेवटची पायरी. तिथवर पोचेपर्यंत बहुतेकांची उमर बंदोबस्त, नाकाबंदी आणि रात्रपाळ्यांत सरलेली असते. ओंबळे यांची नेमणूक डी. बी. मार्ग पोलीस ठाण्यात होती.

त्या रात्री साडेनऊच्या सुमारास शहरात गोळीबार सुरू झाला. छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये प्रवाशांवर बेछूट गोळ्या झाडून कसाब आणि त्याचा साथीदार अबू इस्माईल कामा रुग्णालयात शिरले. तेथून बाहेर पडल्यावर रंगभवनच्या गल्लीत त्यांनी पोलिसांच्या क्वालिस गाडीवर गोळीबार केला. त्यात दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे, अतिरिक्त आयुक्त अशोक कामटे आणि वरिष्ठ निरीक्षक विजय साळसकर हे तिन्ही अधिकारी धारातीर्थी पडले. मागच्या बाजूस जखमी अवस्थेत पडून राहिलेले पोलीस कर्मचारी अरुण जाधव तेवढे वाचले. हल्लेखोर तीच क्वालिस घेऊन निघाले. तिचा टायर निकामी झाल्यावर त्यांनी विधान भवनाच्या परिसरात एक स्कोडा मोटार बळकावली. चंदेरी स्कोडातून दोघे जण पळाले आहेत, हा बिनतारी संदेश चौपाटीवरील नाकाबंदीपर्यंत पोचला होता.

मध्यरात्र उलटून गेल्यावर साडेबाराच्या सुमारास ती मोटार मरीन ड्राइव्हवरून विनोली चौपाटीच्या अडथळ्यांपाशी आली. डोळे दिपवणारे दिवे सुरू होते. आतले काही दिसू नये म्हणून समोरच्या काचेवर पाण्याचा फवारा मारून वायपर चालू ठेवण्यात आले होते. पोलिसांनी दरडावून दिवे बंद करण्यास सांगितले. चालक इस्माईलने गाडी वळविण्याचा प्रयत्न केला आणि ती दुभाजकाला धडकून अडकली. इस्माईलने पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. भास्कर कदम आणि हेमंत बावधनकर या अधिकाऱ्यांनी प्रत्युत्तर दिले आणि त्यात इस्माईल कोसळला.

दुसऱ्या बाजूच्या दारातून कसाब एके-४७ सह बाहेर आला. त्याच्याकडे झेपावलेल्या पोलिसांत ओंबळे पुढे होते. त्यांच्या हाती लाठी होती. त्यांनी रायफलची नळी दोन्ही हातांनी धरली. कसाबने चाप ओढला. गोळ्या ओंबळे यांच्या शरीरात घुसल्या, तरी नळीवरची पकड सुटली नाही. अधिकारी संजय गोविलकर यांनाही गोळी लागली. तेवढ्या अवधीत इतर पोलिसांनी लाठ्यांचे तडाखे देऊन कसाबला जेरबंद केले. एके-४७ च्या एका मॅगझिनमध्ये तीस गोळ्या मावतात. त्या नळीचे तोंड मोकळे राहिले असते तर नाकाबंदीवरील किती जण घरी परतले असते, याची कल्पना केलेली बरी नव्हे.

आता या पकडीचे मोल. हल्लेखोरांजवळ हैदराबादच्या एका महाविद्यालयाची बनावट ओळखपत्रे होती आणि त्यांवर हिंदू नावे होती. कसाबच्या ओळखपत्रावरील नाव समीर चौधरी असे होते. दरम्यान, 'डेक्कन मुजाहिदीन' या तोपर्यंत कोणी न ऐकलेल्या नावाने हल्ल्याची जबाबदारी घेणारा ई-मेल वृत्तसंस्थांकडे आला होता. हा सारा खटाटोप हल्ला देशातल्याच कोणीतरी केला, असे भासविण्यासाठी होता. दहाही जण मारले गेले असते तर मागे उरली असती ती प्रेते, खोटी ओळखपत्रे आणि अंतहीन वाद. तपासयंत्रणांच्या हाती दूरध्वनी संभाषणे, उपग्रह फोन आणि 'कुबेर' नौकेवरील वस्तू होत्याच. परंतु स्वतःचे गाव, बाप, प्रशिक्षणाच्या जागा आणि कराचीहून झालेला प्रवास सांगणारा जिवंत माणूस ही निराळीच गोष्ट. पाकिस्तानने आधी कानांवर हात ठेवले होते. जानेवारी २००९ मध्ये मात्र कसाब आपला नागरिक असल्याचे त्या देशाला मान्य करावे लागले.

पुढचे सारे न्यायालयात घडले. आर्थर रोड कारागृहातील विशेष न्यायालयात न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांच्यासमोर खटला चालला. सरकारची बाजू उज्ज्वल निकम यांनी मांडली. नाकाबंदीवरील पोलिसांच्या साक्षीही झाल्या. ३ मे २०१० रोजी कसाब दोषी ठरला आणि ६ मे रोजी त्याला फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने २१ फेब्रुवारी २०११ रोजी आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी ती कायम केली. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात तिची अंमलबजावणी झाली. बचावासाठी सरकारी खर्चाने वकील कशाला, असा संताप तेव्हा अनेकांनी व्यक्त केला होता. पण १६६ जणांच्या हत्येचा हिशेब उघड्या खटल्यात, पुराव्यांच्या कसोटीवर लागला, हे या शहराने मिळविलेले मोठे समाधान आहे. त्याची सुरुवात चौपाटीवरच झाली होती.

ओंबळे यांना २६ जानेवारी २००९ रोजी मरणोत्तर अशोकचक्र जाहीर झाले. शांतताकाळातील शौर्याचा हा देशातील सर्वोच्च सन्मान. त्याच यादीत करकरे, कामटे आणि साळसकर यांचीही नावे होती. फौजदारीच्या उंबरठ्यावरचा एक कर्मचारी आणि भारतीय पोलीस सेवेतील वरिष्ठ अधिकारी एकाच ओळीत बसले, असे प्रसंग पोलीस दलाच्या इतिहासात फार नाहीत.

ओंबळे यांच्या लाठीचे कौतुक करताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. शहरावर स्वयंचलित शस्त्रांनी हल्ला झाल्याचे कळून तीन तास होत आले होते, तरीही मुख्य रस्त्यावरील नाकाबंदीत मोजक्या अधिकाऱ्यांची पिस्तुले आणि बाकीच्यांच्या लाठ्या एवढीच सामग्री होती. राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीने २००९ मध्ये अहवाल दिला. त्यात शस्त्रसामग्रीची उणीव आणि नेमबाजीच्या सरावाची हेळसांड यांवर बोट ठेवण्यात आले. त्यानंतर राष्ट्रीय सुरक्षा दलाचे केंद्र मुंबईत आले, 'फोर्स वन' हे राज्याचे कमांडो पथक उभे राहिले. त्या रात्री यांपैकी काहीही चौपाटीवर नव्हते.

त्यांच्या स्मृती आता निरनिराळ्या ठिकाणी आहेत. गिरगाव चौपाटीवर पुतळा आहे. २०२१ मध्ये संशोधकांनी ठाणे-कल्याण भागात आढळलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला 'आयसियस तुकारामी' असे नाव दिले. झेप घेऊन भक्ष्य पकडणारा हा जीव. नाव ठेवणाऱ्यांनी बरोबर हेरले, असे वाटून जाते. केडंबे गावी स्मारक उभारण्यासाठी राज्य सरकारने मार्च २०२५ मध्ये १३ कोटी ४६ लाख रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली, तेव्हा त्या रात्रीला सोळा वर्षे उलटून गेली होती.