हॅरी पोप : रायफलच्या नळीत आयुष्य घातलेला कारागीर

नेमबाजी म्हटलं की आपल्या भागात आता कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे आठवतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधलं त्याचं कांस्यपदक गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून केलेल्या नेमबाजीचं. तिथे कस लागतो तो शरीराच्या स्थिरतेचा. बेंचरेस्ट हा प्रकार याच्या अगदी उलट. रायफल भक्कम टेबलावर, वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची आणि सगळ्या गोळ्या एकमेकींच्या जितक्या जवळ लागतील तितक्या लावायच्या. हाताची थरथर बाजूला काढली की उरतात रायफल, काडतूस आणि वारा. म्हणून हा खेळ चालवणाऱ्याइतकाच बनवणाऱ्याचाही.

या खेळाची संघटना उभी राहण्याच्या कितीतरी आधी अमेरिकेत हॅरी पोप नावाचा माणूस तशा रायफलींच्या नळ्या घडवत होता. जन्म १८६१, न्यू हॅम्पशायर राज्यातला. एमआयटीतून शिकलेला इंजिनिअर. हार्टफर्डला सायकलच्या कारखान्यात नोकरी आणि फावल्या वेळात पायाने चालवायच्या लेथवर नळ्या, असं बरीच वर्षं चाललं. जर्मन स्थलांतरितांच्या श्युत्झेन क्लबांत तेव्हा २०० यार्डांवर उभं राहून नेम धरायची परंपरा होती. पोप स्वतः त्यातले नावाजलेले स्पर्धक. आपल्या नळीत काय चुकतंय हे त्यांना गिऱ्हाइकाने सांगावं लागत नसे.

त्यांची खरी करामत नळीच्या तोंडाशी होती. शिशाची गोळी नळीतून बाहेर पडताना तिचं बूड जराही वाकडं असेल तर ती भरकटते. म्हणून पोप नळीच्या टोकाचा तुकडा कापून वेगळा करत आणि खिळ्यांनी पुन्हा तंतोतंत बसेल असा ठेवत. आतल्या खाचा दोन्हींत एकसलग. या ‘फॉल्स मझल’मधून गोळी पुढच्या तोंडाने आत ढकलायची, तुकडा काढून ठेवायचा, दारू भरलेलं काडतूस मागून घालायचं. गोळीचं बूड कोरं करकरीत राहायचं. खाचा आठ, पीळ डावा आणि तोंडाकडे जाताना वाढत जाणारा.

१९०१ साली कोलोरॅडोतल्या सी. डब्ल्यू. रोलँड यांनी पोप यांच्या नळीतून, रायफल टेकवून, २०० यार्डांवर दहा गोळ्या झाडल्या. दहाही गोळ्यांच्या केंद्रांमधलं जास्तीत जास्त अंतर भरलं ०.७२५ इंच, म्हणजे साधारण साडेअठरा मिलीमीटर! १८३ मीटरवरून, शिशाच्या गोळीने.

त्याच साली स्टीव्हन्स कंपनीने पोप यांना आपल्याकडे घेतलं, पण ते फार टिकलं नाही. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत दुकान थाटतात न थाटतात तोच १८ एप्रिल १९०६ चा भूकंप झाला, आग लागली, सगळं गेलं. नंतर जर्सी सिटीत त्यांनी छोटी वर्कशॉप मांडली ती म्हातारपणापर्यंत. टेबलांवर अवजारं आणि न उघडलेल्या पत्रांचे ढीग. काम कधी मिळेल याचं वचन नाही, पटत नसेल तर दुसरीकडे जा, अशा अर्थाची पाटी. मी कॉमर्सचा माणूस. वहीखात्याच्या नजरेने बघितलं तर हा धंदा बुडीतच. पण घाई करून बिघडवलेली नळी विकणं त्यांच्या हिशोबात बसत नव्हतं. ल्युशियन केरी या लेखकाने त्यांच्यावरून जे. एम. पाइन हे पात्र रचलं आणि रायफल कधी हातात न धरलेल्यांनाही हा विक्षिप्त म्हातारा ओळखीचा झाला.

१९५० मध्ये पोप गेले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत बेंचरेस्ट नेमबाजांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आज त्या खेळात तांब्याचं कवच असलेल्या गोळ्या आणि यंत्रावर कातलेल्या नळ्या वापरतात, तोंडातून गोळी भरणारे हौशी मोजकेच. संग्राहक मात्र पोपची नळी समोर आली की आधी विचारतात, हिचं फॉल्स मझल आहे का? कारण एका नळीचा तुकडा दुसरीला बसत नाही.