मेणाचा हात

देवीला चांदीचे डोळे वाहण्याची चाल सांगली-कुपवाडकडील मंडळींस नवी नाही. मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवर मोतमाउलीपुढे हेच नवस मेणाच्या रूपाने फेडले जातात. ८ सप्टेंबर हा मेरीचा जन्मदिन. त्यानंतरच्या रविवारी तेथे जत्रा सुरू होते. हात दुखत असेल तर मेणाचा हात, मूल हवे असेल तर मेणाचे मूल, घर हवे असेल तर घर! घेणाऱ्यांत हिंदूही पुष्कळ असतात. मेणवाला कोणास धर्म विचारीत नाही.

युरोपातील कॅथलिकांमध्ये मात्र याच श्रद्धेने आणखी एक वळण घेतले. इटलीत व बव्हेरियात गेल्या शतकांत नवस फेडणारा लहानशी फळी रंगवून घेई. वर ढगांत संत, खाली उलटलेली गाडी किंवा अंथरुणास खिळलेला रुग्ण. चितारी बहुधा गावातलाच. माणसांचे हातपाय बेढब, पण गाडीचे चाक कसे निखळले ते अचूक. इटालियन फळ्यांवर पुष्कळदा ‘व्ही. एफ. जी. ए.’ ही चार आद्याक्षरे असत. अर्थ इतकाच, की नवस केला आणि कृपा लाभली. मेक्सिकोत १९ व्या शतकात फळीच्या जागी पत्रा आला व खाली हकीकत, गाव, तारीख लिहिली जाऊ लागली. सरदारांसाठी बखरकार होते. त्या गाडीवानाची बखर म्हणजे ही फळी.

मेण वितळते. वांद्र्यास कोणाचा हात कोणत्या साली बरा झाला, ते आता कोण सांगणार? आणि आपल्या त्या चांदीच्या डोळ्यांवर तरी नाव कोठे असते?