जॉर्ज स्ट्रीटवरील एक पुतळा आणि इ. स. १८४३

ग्वाल्हेरच्या मराठी माणसास इ. स. १८४३ हे वर्ष विसरता येत नाही. त्या वर्षीच्या ७ फेब्रुवारीस जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. त्यांच्या अल्पवयी राणी ताराबाई यांनी दत्तक घेतलेले जयाजीराव हेही बालकच होते. दरबारचा कारभार मामासाहेबांनी पाहावा की दादा खासगीवाल्यांनी, या वादात कंपनी सरकारने हात घातला, आणि २९ डिसेंबर रोजी महाराजपूर व पनिहार येथे एकाच दिवशी दोन लढाया होऊन शिंद्यांच्या फौजेचा मोड झाला. पुढील जानेवारीतील तहाने फौज घटली व कारभारी मंडळास रेसिडेंटाच्या सल्ल्याने वागणे भाग पडले. आपला कारभारी आपण निवडावा की बलवंताने नेमून द्यावा, हा या प्रकरणाच्या मुळाशी असलेला प्रश्न. त्याच वर्षी तोच प्रश्न स्कॉटलंडात धर्माच्या क्षेत्रात उपस्थित झाला होता. त्याचे उत्तर देणाऱ्यांच्या अग्रणीचा पुतळा एडिंबरो नगरीत उघड्या आकाशाखाली उभा आहे. त्या पुतळ्याचा महाराष्ट्राशी असलेला संबंध फारसा सांगितला जात नाही, म्हणून हा प्रपंच.

एडिंबरोच्या जॉर्ज स्ट्रीटवर तीन चौकांत क्रमाने तीन पुतळे लागतात: चौथा जॉर्ज राजा, प्रधान धाकटा पिट आणि धर्मोपदेशक डॉ. टॉमस चामर्स. राजा, प्रधान आणि उपदेशक यांची ही रांग मोठी बोलकी आहे. चामर्स यांचा ब्रॉंझचा पुतळा सर जॉन स्टील या शिल्पकाराने घडविला व तो १८७८ साली, म्हणजे चामर्स यांच्या निधनानंतर एकतीस वर्षांनी, उभारण्यात आला. अंगात धर्मोपदेशकाचा झगा, हातात उघडे बायबल, असे त्याचे रूप आहे.

चामर्स यांचा जन्म १७८० साली फाइफ परगण्यातील अँस्ट्रदर गावी झाला. ग्लासगोत पाळक, सेंट अँड्र्यूज येथे नीतिशास्त्राचे व नंतर एडिंबरोस धर्मशास्त्राचे प्राध्यापक, असा त्यांचा क्रम होता. ते ज्या प्रेस्बिटेरियन पंथाचे, त्यात बिशपाची सत्ता नाही. पाळक आणि मंडळीतील निवडक वडील यांच्या सभा एकीवर एक रचलेल्या असतात व सर्वांवर एक महासभा असते. अशा लोकसभात्मक पंथात १७१२ च्या कायद्याने एक विसंगती शिरली होती. गावाचा पाळक कोण असावा, हे ठरविण्याचा हक्क त्या कायद्याने बड्या जमीनदारास दिला. १८३४ साली महासभेने ठराव केला की, मंडळीस नको असलेला पाळक तिच्यावर लादू नये. ऑक्टरआर्डर गावाच्या खटल्यात न्यायालयांनी, आणि १८३९ मध्ये लॉर्डांच्या सभेने, तो ठराव बेकायदा ठरविला.

परिणामी १८ मे १८४३ रोजी, त्याच जॉर्ज स्ट्रीटवरील सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये महासभा भरली असता, निषेधपत्र वाचून एक मोठा गट बाहेर पडला. सुमारे १२०० पाळकांपैकी सुमारे ४७० जणांनी आपले वेतन, घर व चर्च यांवर पाणी सोडले आणि फ्री चर्च स्थापिले. चामर्स हे त्याचे पहिले अध्यक्ष. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: धर्मास राजाश्रय असावा, या मताचे चामर्स पुरस्कर्तेच होते. आश्रय देणाऱ्याने आज्ञा करू नये, इतकेच त्यांचे म्हणणे होते. ज्या कायद्यावरून ही फूट पडली, तो १८७४ साली रद्द झाला.

या घटनेचा हादरा मुंबईस बसला. स्कॉटिश मिशनचे हिंदुस्थानातील सर्व मिशनरी फ्री चर्चला मिळाले. त्यांत कलकत्त्याचे डफ व मुंबईचे रॉबर्ट नेस्बिट हे सेंट अँड्र्यूजमधील चामर्स यांचे शिष्य होते. गिरगावानजीक आंब्रोळी येथे मोठ्या खटपटीने उभी केलेली शाळेची इमारत मिशनऱ्यांना सोडून द्यावी लागली, व डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली सुरू केलेली शाळा दुसऱ्या जागी न्यावी लागली. तिचेच पुढे विल्सन कॉलेज झाले. चौपाटीवरील त्याची इमारत १८८९ ची आहे. याच विल्सननी मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीस मराठी भाषेची घडण व प्रसार यांवर विवेचक निबंध जोडला. नागपुरास तर फ्री चर्चनेच स्टीफन हिस्लॉप यांना धाडले. १८६३ साली टाकळघाटानजीक पुरात त्यांचा अंत झाला. गोंडांविषयीचे त्यांचे लेखन १८६६ मध्ये टेंपल यांनी प्रसिद्ध केले, आणि १८८३ पासून त्यांच्या नावाचे कॉलेज चालत आले आहे.

परंतु पुतळ्यास एकच बाजू नसते. त्याच १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला असता त्यास परत मिळविण्यासाठी बापास न्यायालयात जावे लागले. मुलास पुन्हा जातीत घेण्याची खटपट बाळशास्त्री जांभेकरांनी केली व सनातन्यांचा रोष पत्करला. सदसद्विवेकावर परक्याची सत्ता नको, असे म्हणणाऱ्यांच्या हाती एका कोवळ्या मुलाच्या विवेकाचा प्रश्न आला, तेव्हा त्यांना बापाचे दुःख पुरते दिसले नाही, असे म्हणणे भाग आहे. दुसरा डाग याहून गडद आहे. नव्या चर्चसाठी अमेरिकेच्या दक्षिण संस्थानांतून सुमारे ३००० पौंड आले. त्यांत गुलामांच्या धन्यांचा पैसा होता. १८४६ साली गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी स्कॉटलंडभर सभा घेऊन ते पैसे परत करा, अशी हाक दिली. गुलामगिरी वाईट हे चामर्स मानीत, पण धन्यांशी धर्मसंबंध तोडण्यास ते तयार झाले नाहीत. पैसे परत गेले नाहीत.

मग हा पुतळा कोणाचा समजावा? आमच्या मते तो १८ मे १८४३ या एका दिवसाच्या धैर्याचा आहे, आणि ते धैर्य खरे होते. चारशेसत्तर कुटुंबांनी निर्वाहाचे साधन सोडले, ही गोष्ट कोणत्याही टीकेने लहान होत नाही. मात्र स्वतःसाठी मागितलेले स्वातंत्र्य दुसऱ्यासही त्याच मापाने द्यावे लागते, हा पुढला धडा ब्रॉंझमध्ये ओतता आलेला नाही. तो वर्गात शिकवावा लागतो. १८४३ चा इतिहास शिकविताना महाराजपूरच्या रणाबरोबर जॉर्ज स्ट्रीटवरील ती मिरवणूक आणि मुंबईच्या न्यायालयात उभा असलेला श्रीपतचा बाप, ही तिन्ही चित्रे विद्यार्थ्यांपुढे ठेवावीत. मग स्वातंत्र्य या शब्दाचा अर्थ त्यांस निराळा सांगावा लागणार नाही.