आतली कडी

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. भर दुपारी सूनबाई दोन वर्षांच्या नातवाला घेऊन बाजारातून आली. स्वारी रडत होती म्हणून तिने त्याच्या हातात गाडीची किल्ली दिली होती. किल्ली कसली, ती बटणांची काळी डबी! सूनबाई पिशव्या काढायला उतरली, तिने दार लावले आणि चिरंजीवांनी आतून बटण दाबले. खट्ट! चारही दारे बंद. आतल्या खटक्याने दार उघडले असते म्हणा, पण पट्ट्याने खुर्चीत बांधलेल्या पोराला ते कसे जमणार? दुसरी किल्ली मुलाच्या खिशात आणि मुलगा परगावी. बंद गाडी उन्हात दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते. शेवटी वॉचमनने पलीकडच्या बाजूची काच दगडाने फोडली. नातवाला खरचटलेही नाही. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही.

जन्मभर इतिहास शिकवला, त्यामुळे झोप उडाली की मन मागे मागे जाते. माणसाने कुलूप केले कशासाठी? अर्थात चोरासाठी. प्राचीन इजिप्तमध्ये लाकडी खुंट्यांचे कुलूप होते. लांबलचक लाकडी किल्लीने त्या खुंट्या उचलायच्या, की अडसर सरकायचा. हीच युक्ती अमेरिकेत लायनस येल (धाकटा) याने १८६० च्या दशकात लहानशा चपट्या किल्लीत बसवली. आपल्या दाराचे लॅच आजही त्याच कुळातले.

त्याआधीचा एक किस्सा वर्गात मुलांना फार आवडे. लंडनमध्ये जोसेफ ब्रामाच्या दुकानाच्या खिडकीत १७९० पासून एक कुलूप मांडलेले होते. उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनी बक्षीस! साठ वर्षे कुणाला जमले नाही. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनासाठी अमेरिकेहून आलेल्या आल्फ्रेड हॉब्सने ते उघडले. सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले. 'अभेद्य' या शब्दाचे आयुष्य किती असते, ते तेव्हा इंग्रजांना कळले.

मोटारीच्या दारातून किल्ली हद्दपार व्हायला १९८० साल उजाडले. फोर्डने काही गाड्यांच्या दारावर आकड्यांची बटणे बसवली. १९८२ मध्ये फ्रान्सच्या रेनॉ कंपनीच्या फुएगो गाडीला टीव्हीच्या रिमोटसारखी, अवरक्त किरणांवर चालणारी डबी आली. पुढे रेडिओ लहरी आल्या. सुरुवातीच्या डब्या दरवेळी एकच सांकेतिक आकडा पाठवत. चोराने तो टिपून पुन्हा वाजवला की दार उघडे. म्हणून दर दाबणीला बदलणारा आकडा आला. १९९३ च्या कॉर्व्हेट गाडीत तर बटणही दाबायला नको, किल्ली खिशात घेऊन जवळ गेले की झाले.

इथेच चोराला नवी वाट सापडली. गाडी हळू आवाजात विचारते, 'कोण आहे?' आणि जवळची किल्ली उत्तर देते. चोरांपैकी एक जण गाडीपाशी, दुसरा तुमच्या घराच्या भिंतीपाशी उभा राहतो. मधल्या यंत्राने ते गाडीचा प्रश्न घरातल्या किल्लीपर्यंत पोचवतात. गाडीला वाटते, मालकच आला! २०११ साली झुरिकच्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा प्रकारच्या गाड्यांवर हे करून दाखवले. हॉब्सला ५१ तास घाम गाळावा लागला. इथे कुलूप फोडायचेच नाही, नुसता निरोप पोचवायचा.

पण मंडळी, या सगळ्या इतिहासात विचार आहे तो बाहेरच्या माणसाचा. आतल्याचे काय?

२६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. पाण्यात अडकलेल्या गाड्यांची वीज गेली, विजेवर चालणाऱ्या काचा खाली येईनात, मध्यवर्ती कुलपे अडकली, आणि बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दारे रेटता येईनात. आपल्याच गाडीत कोंडून माणसे गेली. चोरापासून वाचवणारी दारे मालकावरच उलटली. त्यानंतर मुंबईत अनेकांनी गाडीत हातोडी ठेवायला सुरुवात केली. ऐंशी साली किल्ली गेली, आणि पाच साली माणूस पुन्हा हातोडीवर आला!

आमच्या गावच्या वाड्याचे दार आठवते. बाहेरून कोयंडा आणि कुलूप, आतून साधी कडी. बाहेरच्याला किल्ली लागे, आतल्याला नुसता हात पुरे. आंधळ्या आजीलाही अंधारात ती कडी सापडत असे. ज्या सुताराने ते दार केले त्याला शाळा ठाऊक नव्हती, पण दाराला दोन बाजू असतात हे ठाऊक होते.

नव्या सोयींवर माझा राग नाही. गुडघे दुखतात तेव्हा ते बटण मलाही बरे वाटते. पण आता घरात तीन नियम केले आहेत. किल्ली पोराच्या हातात द्यायची नाही. दुसरी किल्ली घरातल्या खुंटीवरच राहील. आणि चालकाच्या हाताशी एक लहान हातोडी. काच फोडायची झाली तर बाजूचीच फोडावी. तिचा चुरा होतो. समोरच्या काचेत मधे पापुद्रा असतो, ती तडकते पण वाट देत नाही.

नातू मात्र वॉचमन दिसला की अजून हात वर करून दगड मारल्याची नक्कल करतो आणि खदखदून हसतो. त्याच्या लेखी तो खेळच होता. असो.